कोल्हापुरात लग्न काढलंय? मग पाहुण्यांची ही तयारी आधी करा

पुतणीचं लग्न होऊन आठच दिवस झालेत, डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते. हॉल, आचारी, आहेर, याद्या हे सगळेच करतात, पण नागपूर-इंदूरहून दोन दिवस आधी येऊन पडलेली माणसं लॉजवर टीव्ही बघत बसतात आणि जाताना म्हणतात, कोल्हापूर बघायचं राहिलंच की!

सगळ्यात आधी कोण कधी कशाने येतंय ते वहीत लिहा. मुंबईचे महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर झोपून सकाळी उतरतात, आंघोळ-नाष्टा झाला की फिरायला तयार. नागपूरवाले गोंदियाहून येणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसने, म्हणजे एका गाडीत बसून थेट येतात खरं पण अख्खा दिवस-रात्र प्रवासात अंग आंबून जातं, त्यांना त्या दिवशी काही दाखवायला जाऊ नका, गरम पाणी, चहा, झोप आणि संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ, बास.

अंबाबाईचं दर्शन सकाळी लवकर उरका, मंगळवार-शुक्रवार टाळता आला तर बरं. लग्न जानेवारीच्या शेवटाला असेल तर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत येतात, पाहुण्यांना हे आधी सांगून ठेवा कारण त्या संध्याकाळी गर्दी पण तशीच असते. स्वतःच्या गाड्या देवळाकडे नेऊच नका, पार्किंग शोधण्यात तास जातो, रिक्षा करा. देवळातून बाहेर पडलं की भवानी मंडप आणि चप्पल लाईन चालत होतं, ते त्याच फेरीत. आणि चप्पल पहिल्याच दिवशी घ्यायला लावा! नवं कोल्हापुरी थेट लग्नात घातलं की अंगठ्याला फोड ठरलेला, आमच्या इंदूरच्या भावजींनी अख्खं सीमांतपूजन अनवाणी केलं. पट्ट्याला खोबरेल चोळायचं, घरातल्या घरात दोन दिवस घालायचं, पाणी लागू द्यायचं नाही.

पन्हाळा वीसेक किलोमीटर आहे म्हणून सोपा वाटतो आणि तिथंच घोळ होतो. आम्ही दुपारी बाराला गाडी काढली, सोबत गावातलं कुणीच नाही, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी करत मंडळी उन्हात वाळली आणि हळदीला पोचली ती नवरीची हळद उतरल्यावर. सकाळी सातला काढा आणि सोबत बोलका माणूस द्या, ज्याला १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा, ती पावसाची रात्र, बाजीप्रभू हे सांगता येतं, नाहीतर पोरांना नुसते दगड दिसतात. जोतिबा त्याच बाजूला आहे, पण रविवारी नको. खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ सुंदर आहे, स्वर्गमंडपाला वर गोल आभाळ मोकळं, पण त्यात अर्धा दिवस जातो, लग्नानंतर मुक्काम असेल त्यांनाच सांगा.

माझं मत विचाराल तर किल्ल्यापेक्षा गुऱ्हाळ भारी. हंगाम थंडीचा, म्हणजे लग्नांचाच. ओळखीतल्या शेतकऱ्याला दोन दिवस आधी फोन करून आधण, म्हणजे उकळत्या रसाची काहील, कधी उतरणार विचारा, कारण मोक्याची दहा मिनिटंच असतात. एवढी मोठी काहील, खाली चिपाडाचा जाळ, रस पिवळा होत होत तांबूस होतो, बुडबुडे जड होतात, मग गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो आणि एकदम ओरडतो, धरा! चौघं मिळून काहील उचलून वाफ्यात पालथी करतात. आमच्या नागपूरच्या मामी, ज्यांना लग्नात काहीच आवडत नव्हतं, त्या ऊसाच्या कांडक्यावर गरम गूळ घेऊन चाटत उभ्या होत्या आणि परत येऊन सगळ्यांना तेच सांगत होत्या. लहान पोरांचा हात मात्र धरून ठेवा, पाक भयंकर भाजतो.

जेवणाचं एक. कोल्हापुरी म्हणजे नुसतं तिखट ही समजूत घेऊनच लोक येतात. पांढरा रस्सा आधी द्या, तांबडा नंतर, आणि हे लग्नाच्या आदल्या दिवशी नको, पोटं बिघडली की फोटोत कळतं. सावजी खाऊन आलेले नागपूरकर तांबडा पिऊन "हे तर सौम्यच आहे" म्हणणार, म्हणू द्या. शाकाहारी मंडळींची मिसळ, आणि गंगावेशीत समोर म्हैस पिळून दिलेलं धारोष्ण दूध, शहरातल्या पोरांची तोंडं बघण्यासारखी असतात.

ड्रायव्हरचा नंबर, लॉजचा पत्ता आणि घरातल्या एका रिकाम्या माणसाचा नंबर (नवरीच्या बापाचा नव्हे!) ग्रुपवर पिन करा. परतीच्या पिशवीत गुळाची एक छोटी ढेप आणि कांदा-लसूण चटणी, चटणीला दोन पिशव्या घाला. आम्ही एकच घातली, भावजींचा पांढरा शर्ट अजून धुतायत म्हणे.