मुलाचे शाळेत जाणे सार्थकी लागते आहे का, हे घरी कसे पाहावे

जूनमध्ये शाळा सुरू होते, दप्तर-वह्यांची खरेदी होते आणि पुढे वर्षभर घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : गुण किती मिळाले? या प्रश्नात गैर काही नाही, पण मूल शाळेत कशासाठी जाते, हे त्याच्या उत्तरातून कळत नाही. प्राथमिक वर्गांना अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, शिकवणारे कोणी जवळ नसतानाही मुलाला स्वतःहून शिकता यावे आणि वेगळ्या घरांतून आलेल्या माणसांबरोबर बरोबरीने राहता यावे, यासाठी शाळा असते. हे साधते आहे की नाही, हे पहिली ते आठवीच्या मुलांच्या पालकांना कोणतीही परीक्षा न घेता पाहता येते.

त्याआधी एक गोष्ट माहीत असावी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या २९व्या कलमात अभ्यासक्रम कसा असावा हे सांगितले आहे : मुलाचा सर्वांगीण विकास व्हावा, त्याने कृतीतून आणि शोधातून शिकावे, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकावे, त्याच्या मनात भीती राहू नये, त्याला आपले मत मोकळेपणी मांडता यावे आणि ज्ञान वापरण्याची त्याची क्षमता सतत पाहिली जावी. म्हणजे पुढे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी पालकांनी शाळेकडे मागणे ही मेहेरबानीची याचना ठरत नाही.

पहिली तपासणी वाचनाची, आणि ती पाठ्यपुस्तकावर करू नये, कारण वर्गात दहा वेळा म्हणून घेतलेला धडा मूल अक्षरांकडे न पाहताही म्हणू शकते. त्याऐवजी घरी आलेले विजेचे बिल त्याच्या हातात द्यावे. बिलावर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग हे दोन आकडे असतात. आपण या महिन्यात किती युनिट वापरले, एवढेच विचारावे आणि गप्प बसावे. वहीत हातच्याची वजाबाकी अचूक करणारी चौथीतली मुले येथे अडलेली मी पाहिली आहेत. कशातून काय वजा करायचे, हे त्यांना कोणी कधी ठरवू दिलेले नसते, उदाहरण नेहमी मांडूनच मिळालेले असते. मूल असे अडले तर उत्तर सांगू नये. मागच्या महिन्यात मीटरवर कोणता आकडा होता, आता कोणता आहे, मधल्या काळात काय घडले, असे विचारत जावे. एसटी स्थानकावरचा वेळापत्रकाचा फलक, बियाण्याच्या पिशवीवरची सूचना किंवा लग्नपत्रिकाही वाचनासाठी उत्तम. वाचून झाल्यावर ‘यात काय सांगितले आहे, ते आजीला सांग’ असे म्हणावे. आजीला कळले, तर मुलाला वाचता येते.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब करता यावेत, हे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. तिसरीतले मूल अक्षरांपाशीच अडखळत असेल, तर शिकवणी शोधण्याआधी वर्गशिक्षकांना भेटावे, कारण चौथीपासून सगळेच विषय वाचता येते असे गृहीत धरून शिकवले जातात आणि मागे राहिलेले मूल हळूहळू बोलायचेच थांबते.

दुसरी तपासणी वहीची. एकही खाडाखोड नसलेली, मोत्यासारख्या अक्षरांची वही पाहून पालक सुखावतात. मी मात्र अशी वही पाहिली की काळजीत पडतो, कारण पुष्कळदा ती उत्तरे फळ्यावरून उतरवलेली असतात. एखाद्या प्रश्नाचे उत्तर वही मिटून स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. चूक झाली तर रागावू नये. चुकलेले पान मूल लपवू लागले, तर त्याला कशाची भीती वाटते, याचा शांतपणे शोध घ्यावा. ती भीती घरचीही असू शकते. शाळेत मार बसत असेल किंवा अपमान होत असेल, तर याच कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे, हे मुख्याध्यापकांसमोर स्पष्टपणे मांडावे.

बरोबरीने राहण्याची गोष्ट आपल्याकडे सर्वांत कमी विचारली जाते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकाच वसतिगृहात ठेवले. या तिन्ही कामांत अक्षरओळखीइतकेच महत्त्व, कोणाला शाळेत येऊ द्यायचे आणि कोणाशेजारी बसू द्यायचे, या प्रश्नाला होते. म्हणून मुलाला विचारावे : डबा कोणाबरोबर खाल्लास? आज कोण आले नव्हते, आणि का? पोषण आहाराच्या पंगतीत तुझ्या शेजारी कोण असते? ‘त्याच्याजवळ मी बसत नाही’ असे उत्तर आले, तर ते वाक्य मुलाने कोठे ऐकले, याचा शोध आधी आपल्याच घरात घ्यावा.

हाताच्या कामाविषयी थोडक्यात एवढेच की, वर्ग झाडणे किंवा झाडांना पाणी घालणे ही कामे मुलगे आणि मुली सारखीच करतात ना, एवढे पाहावे.

प्रगतिपुस्तक हाती आले की श्रेणी पाहून सही करण्याची घाई करू नये. त्यातल्या वर्णनात्मक नोंदी वाचाव्यात आणि पालकसभेत त्यांवरच बोलावे. ‘प्रगती चांगली आहे’ एवढेच लिहिले असेल, तर कशात, हे आदराने विचारावे. चांगल्या शिक्षकाला हा प्रश्न आवडतो. सरकारी आणि अनुदानित शाळांतील व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. मात्र बैठक दुपारी ठेवली की मजुरीवर जाणाऱ्या आईला येता येत नाही. बैठक तिच्या सोयीच्या वेळी ठेवावी, ही मागणी इतर पालकांनी लावून धरावी.

हे सारे एकाच आठवड्यात करू नये. मुलाला ती आणखी एक परीक्षा वाटेल. विजेचे बिल महिन्यातून एकदा येते. त्या संध्याकाळी पंधरा मिनिटे काढावीत, मुलाला जे अडले ते दिनदर्शिकेवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवावे आणि पुढच्या बिलाच्या दिवशी तेथूनच पुढे जावे.