मुलाची ऑर्डील जवळ आलीय? आईबाबांनी तयारी कशी करायची

मुलगा स्काउट ट्रूपच्या मीटिंगहून घरी येऊन सांगतो, "मी ऑर्डर ऑफ द ॲरोसाठी इलेक्ट झालो", आणि त्याच रात्री आपल्या मराठी ग्रुपवर मेसेज पडतो की हे नक्की काय असतं, पाठवायचं का. मग ज्यांची मुलं कधी गेलेली नाहीत तेच भराभर सल्ले द्यायला लागतात. ते सीक्रेट असतं, काही विचारायचं नसतं. बॅगेत तळाशी खाऊ घालून द्या. कॉलेज ॲप्लिकेशनला बरं दिसतं, डोळे मिटून पाठवा. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत. माझे दोन्ही मुलगे यातून गेले, नंतर मी स्वतः तीच ऑर्डील, म्हणजे तिथला प्रवेशविधी, केली, आणि आता न्यू जर्सीत दर सीझनला नव्या आईबाबांशी बोलायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे एकदाच नीट लिहून टाकते.

आधी तुम्ही समजून घ्या

ही स्काउटिंगमधली ऑनर सोसायटी. शाळेतली नॅशनल ऑनर सोसायटी वेगळी, तिथे मार्क बघतात, इथे मार्कांचा काही संबंध नाही. १९१५ च्या उन्हाळ्यात अर्नर गुडमन आणि कॅरल एडसन या दोघांनी डेलावेअर नदीतल्या ट्रेझर आयलंडवरच्या कॅम्पमध्ये ही सुरू केली, म्हणजे आपल्या न्यू जर्सीच्या वेशीवरच. निवडणुकीला उभं राहायला मुलगा फर्स्ट क्लास रँकचा लागतो, मागच्या दोन वर्षांत १५ रात्री कॅम्पिंग झालेलं लागतं, त्यात एक सलग पाच रात्रींचा कॅम्प हवा, आणि स्काउटमास्टरची मान्यता हवी. मग ट्रूपमधली मुलं मत देतात, आणि मत देणाऱ्यांतली बहुतेक मुलं स्वतः या सोसायटीत नसतात. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. कुणी सर, कुणी परीक्षक नाही, ज्या पोरांनी याच्याबरोबर पावसात तंबू ठोकले, थंडीत भांडी घासली, त्यांनी ठरवलं की हा मुलगा आपल्यातला चांगला आहे. घरी त्याला हे सांगा, रेझ्युमेचं सांगू नका.

इंडक्शनला ऑर्डील म्हणतात, साधारण शुक्रवार संध्याकाळ ते रविवार सकाळ. त्यात चार गोष्टी असतात. मौन, अगदी थोडं जेवण, कॅम्पसाठी दिवसभर अंगमेहनतीचं काम, आणि एक रात्र इतरांपासून वेगळं झोपणं. या चारही गोष्टी सोसायटी स्वतः उघडपणे सांगते. राखून ठेवतात ते समारंभातले शब्द आणि खुणा, म्हणजे येणाऱ्या मुलाला ते पहिल्यांदा तिथेच ऐकायला मिळावेत. तेही आईबाबांपासून लपवत नाहीत. समारंभात काय बोलतात, आपल्या धर्माच्या विरुद्ध काही आहे का अशी शंका असेल तर लॉजच्या, म्हणजे सोसायटीच्या स्थानिक शाखेच्या, ॲडव्हायझरला सरळ विचारा, पालकांना ते सांगतात. विचारायला लाजू नका, आणि एकदा कळलं की मुलाजवळ बोलू नका.

फॉर्म, फी, स्लीपिंग बॅग, रेनकोट, कामाचे हातमोजे, जाड बूट, पाण्याची बाटली. इतकं कॅम्पिंग केलेल्या मुलाची बॅग त्याची तो भरतो, त्यात हात घालू नका.

भीती वाटतेय तर ती बोलून टाका

आपल्याकडे इनिशिएशन म्हटलं की डोक्यात रॅगिंग येतं, आणि यायलाच हवं. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या बाबालोकांना मी समजावत बसत नाही की तसं काही नसतं, कारण नुसत्या शब्दावर कुणी विश्वास का ठेवावा. महाराष्ट्रात १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला तो काही उगाच नाही. आणि स्काउटिंगबद्दल गूगल केलंत तर हेही दिसणारच की २०२० साली बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लैंगिक अत्याचाराचे ८२,००० हून जास्त दावे आले. हे खरं आहे, ते झाकून कुणी तुम्हाला धीर देत असेल तर त्या माणसाचं ऐकू नका.

धीर प्रश्न विचारून येतो. म्हणून हे विचारा: रात्री मुलं झोपतात तिथून मोठी माणसं किती अंतरावर असतात, किती जण असतात, रात्रीतून कोण बघून जातं, वीज कडाडायला लागली तर मुलांना कुठे हलवतात, मुलाला बरं वाटत नसेल तर मौन मोडून कुणाला सांगायचं. नियम असा आहे की कुठेही किमान दोन मोठी माणसं लागतात, एका मुलाबरोबर एकटा मोठा माणूस कधीच राहत नाही, हेझिंगला, म्हणजे रॅगिंगला, पूर्ण बंदी आहे, आणि स्काउटिंगमधलं काहीही पालकांना बघायला बंद नाही. या प्रश्नांची उत्तरं जो पटापट देतो त्याने तयारी केलेली असते. जो "काळजी करू नका हो" एवढंच म्हणतो त्याला पुन्हा विचारा, उत्तर मिळेपर्यंत विचारा. मला प्रश्न विचारणाऱ्या आया आवडतात, गप्प बसणाऱ्यांची काळजी वाटते.

आणि मौन म्हणजे तोंडाला कुलूप नाही. पाय मुरगळला, दम लागला, गांधीलमाशी चावली तर लगेच बोलायचं, हे मुलाला तुमच्या तोंडून दोनदा ऐकवा. आपली मुलं फार आज्ञाधारक असतात, "बोलायचं नाही" सांगितलं की ताप अंगावर काढतील.

जेवण, इथेच सगळे अडकतात

मी पण इथेच अडकले होते. मोठ्याच्या वेळी कळलं की दिवसभर काम आणि खायला अगदी थोडं, आणि माझ्या पोटात गोळा आला, तेरा वर्षांचा वाढत्या अंगाचा मुलगा, शाळेतून आल्या आल्या चार पोळ्या खाणारा. शुक्रवारी दुपारी तो आंघोळीला गेला तेव्हा त्याच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात मी शंकरपाळ्यांची पुडी सरकवली, वर सॉक्स ठेवले. वाटलं, भूक लागली तर निदान आहे, नाही लागली तर राहील. रविवारी बॅग रिकामी करताना ती पुडी तशीच निघाली, न उघडलेली, कागद तेलाने पारदर्शक झालेला. त्याला ती शनिवारी सकाळीच सापडली होती. दिवसभर काम करताना त्याला माहीत होतं की तंबूतल्या बॅगेत खायला आहे, बाकीच्या कुणाकडे नाही, आणि बोलायचं नसल्यामुळे कुणाला सांगताही येत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "आई, पुढच्या वेळी नको." भूक तर सगळ्यांनाच होती, त्याच्या एकट्याच्या वाट्याला मी वर एक ओझं दिलं. आज इतकी वर्षं झाली तरी ते मला लागतं, म्हणून माझं या बाबतीत मत पक्कं आहे: बॅगेत काही घालायचं नाही. ना शंकरपाळी, ना ग्रॅनोला बार, ना "फक्त इमर्जन्सीसाठी" म्हणून बदाम.

पण याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. थोडं जेवण म्हणजे उपाशी नव्हे, आणि पाणी हवं तितकं मिळतं. ज्याला औषधाबरोबर पोटात अन्न लागतं, डायबिटीस आहे, दाण्याची ॲलर्जी आहे, दम्याचा पंप आहे, त्याच्यासाठी व्यवस्था करतातच, फक्त ते आधी माहीत पाहिजे. हेल्थ फॉर्मचे ए आणि बी भाग भरताना आपले लोक लपवतात, मी हे पुन्हा पुन्हा बघितलंय, एडीएचडीची गोळी लिहायची नाही, लोक काय म्हणतील. लिहा. नुसतं लिहू नका, आठवडाभर आधी फोन करून बोला, आणि शुक्रवारी सोडताना औषधं डबीसकट जबाबदार माणसाच्या हातात द्या. मुलगा शाकाहारी असेल, अंडंही चालत नसेल तर तेही स्पष्ट सांगा, नुसतं व्हेजिटेरियन लिहिलं तर अंडं येऊ शकतं. आधीच थोडं मिळणार, त्यातलंही अर्धं त्याला खाता आलं नाही तर ती चूक आपली.

शुक्रवारी निघायच्या आधी घरी पोटभर जेवू घाला, वरणभात, भाजी, पोळी, जे त्याला आवडतं ते. पिझ्झा नको, तहान लागते.

मुलाला किती सांगायचं

वर सांगितलेल्या त्या चार गोष्टी सांगा, बाकी नाही. बऱ्याच आयांना वाटतं सगळं शोधून आधी सांगितलं तर तो घाबरणार नाही. नेटवर बरंच काही सापडतं, खरं-खोटं मिसळलेलं. वाचायचं तर तुम्ही वाचा, त्याला वाचून दाखवू नका. माझ्या धाकट्याला थोरल्याने एक अक्षर सांगितलं नाही, मी खोदून विचारलं तरी नाही, आणि जायच्या आदल्या रात्री दोघं कितीतरी वेळ गच्चीत नुसते बसून होते. धाकट्याला तेवढं पुरलं. तिथे त्याच्या गटाबरोबर एलांगोमॅट असतो, आधी ऑर्डील झालेलं पोरगंच, ते यांच्याबरोबर सगळं पुन्हा करतं, तेवढंच जेवतं, तेवढंच राबतं. तुमचा मुलगा घाबरलाच तर धीर द्यायला तो आहे.

आजीला मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर शनिवारी व्हिडिओ कॉलवर "पोरगा कुठाय" सुरू होईल. मौन म्हणा, आजीला मौन कळतं. उपवास म्हणू नका, साबुदाण्याची खिचडी दिलीस का म्हणून विचारेल. आणि मुंजीसारखं आहे असं तर मुळीच नको, मग सगळ्यांना यायचं असतं, फोटो हवे असतात, आणि हा समारंभ सभासदांपुरता असतो.

रविवार सकाळ

वेळेवर पोचा, पाच मिनिटं आधीच. तो येईल तो मळलेला, झोपाळलेला, खांद्यावर पांढरा सॅश, म्हणजे आडवा पट्टा, त्यावर लाल बाण. एक फोटो काढा, एकच. गाडीत बसल्या बसल्या "काय काय झालं, सांग ना" सुरू करू नका. दिवसभर मौन पाळलेल्या मुलाला बोलायला लागायला वेळ लागतो, आणि त्यातलं काही तो कधीच सांगणार नाही, ते त्याचं आहे. मी डब्यात दहीभात आणि लिंबाचं लोणचं नेते, गाडी सुरू करायच्या आधी डबा त्याच्या हातात देते आणि रेडिओ बंद ठेवते. थोरला टर्नपाइक हायवे लागेपर्यंत गप्प होता, मग एकदम म्हणाला की रात्री आकाशात इतके तारे असतात हे त्याला माहीत नव्हतं. धाकटा झोपला.

सॅश रोज घालायचा नसतो, ऑर्डरच्या कार्यक्रमाला घालतात, उजव्या खांद्यावरून. मशीनमध्ये टाकू नका, लाल रंग पांढऱ्यावर उतरतो. साधारण सहा महिन्यांनी ब्रदरहुडसाठी, म्हणजे सभासदत्वाच्या पुढच्या पायरीसाठी, जाता येतं, ती तारीख त्याला एकदा सांगा आणि फॉर्म त्याचा त्याला भरू द्या.