फीडबॅक लूपसाठी सिम्युलेटर निवडण्याआधीची तयारी

स्विचिंग पॉवर कन्व्हर्टरचा फीडबॅक लूप स्थिर राहतो का हे तपासायला एलटीस्पाइस घ्यावे, सिम्प्लिस घ्यावे की पीएलईसीएस (तिन्ही सर्किट सिम्युलेटर), हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर कन्व्हर्टरची माहिती लिहून काढा: इनपुट व्होल्टेज किमान आणि कमाल, आउटपुट, लोड किमान आणि कमाल, स्विचिंग फ्रिक्वेन्सी, इंडक्टर आणि त्याचा डीसी रेझिस्टन्स, आउटपुट कपॅसिटर आणि त्याचा ईएसआर (आतला सिरीज रेझिस्टन्स), कंट्रोल व्होल्टेज मोड की पीक करंट मोड, स्विचच्या पल्सची रुंदी ठरवणाऱ्या पीडब्ल्यूएम रॅम्पची उंची, एरर अ‍ॅम्प्लिफायर साधा ऑपअँप की ट्रान्सकंडक्टन्स प्रकारचा. यातला एखादा आकडा नसेल तर कुठलेही टूल तो आपल्या मनाने धरून चालते आणि बोड प्लॉट (फ्रिक्वेन्सीनुसार गेन आणि फेजचा आलेख) देखणा येतो. बोर्डवर मात्र तो जुळत नाही.

त्याच कागदावर हाताने तीन-चार गणिते करून ठेवा. समजा १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा बक (व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर) आहे, व्होल्टेज मोड, ३०० किलोहर्ट्झ, इंडक्टर १० मायक्रोहेन्री, कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड, ईएसआर २० मिलिओहम, रॅम्प १ व्होल्ट. एलसी फिल्टरचा डबल पोल (जिथून गेन आणि फेज घसरू लागतात) ५ किलोहर्ट्झला बसतो, ईएसआरचा झीरो (जिथून ती घसरण कमी होते) ८० किलोहर्ट्झला. मॉड्युलेटरचा गेन १२, म्हणजे साधारण २१.६ डीबी. क्रॉसओव्हर (लूपचा गेन जिथे १ होतो ती फ्रिक्वेन्सी) स्विचिंगच्या एक दशांशावर, ३० किलोहर्ट्झला ठेवायचा तर तिथे एलसी फिल्टर ३१ डीबी खातो आणि कॉम्पेन्सेटरला साडेनऊ डीबी द्यावे लागतात. फेज १८० अंशांकडे घसरत असते आणि ईएसआरचा झीरो त्यातले जेमतेम वीस अंश परत देतो, म्हणून टाइप-३ (दोन झीरो देऊन फेज वर उचलणारा) कॉम्पेन्सेटर लागणार हेही इथेच कळते. टाइप-३ चा गेन क्रॉसओव्हरनंतरही चढत जातो, १०० किलोहर्ट्झच्या आसपास तो दहापटीजवळ पोचतो. त्यामुळे १ मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थचा (गेन आणि फ्रिक्वेन्सीच्या गुणाकाराची मर्यादा) ऑपअँप इथे पुरत नाही. सिम्युलेशनमध्ये आदर्श ऑपअँप टाकलेला असेल तर ही चूक झाकली जाते. हे आकडे कागदावर असले की पुढे कोणत्याही टूलचा प्लॉट एका नजरेत तपासता येतो.

कपॅसिटरसाठी वेगळा वेळ काढा, लूप बिघडण्याची मुळे बहुतेक वेळा तिथेच असतात. एक्स५आर सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज आले की त्याची क्षमता घटते. लहान आकाराचा, ६.३ व्होल्ट रेटिंगचा कपॅसिटर ५ व्होल्टवर निम्म्याहून अधिक क्षमता गमावू शकतो. वरच्या उदाहरणात क्षमता निम्मी झाली तर क्रॉसओव्हर ३० वरून ६० किलोहर्ट्झकडे सरकतो, म्हणजे स्विचिंगच्या एक पंचमांशावर, आणि फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधी हाती उरलेली फेज) तिथे उरलेले नसते. तेव्हा उत्पादकाच्या वेबसाइटवरून डीसी बायसचा आलेख उतरवून घ्या आणि मॉडेलमध्ये छापील किंमत न टाकता कामकाजाच्या व्होल्टेजवरची किंमत टाका. इलेक्ट्रोलिटिक असेल तर थंडीतला ईएसआरही लिहून ठेवा. उणे तापमानात तो कित्येक पट वाढतो आणि झीरो खाली सरकतो.

आता एक गोष्ट पक्की समजून घ्या, नाहीतर टूल कोणतेही घेतले तरी उत्तर चुकेल. स्पाइसचे एसी अ‍ॅनालिसिस सर्किटचा डीसी ऑपरेटिंग पॉइंट काढते आणि त्या बिंदूभोवती सर्किट रेषीय धरते. स्विचिंग सर्किटमध्ये त्या क्षणी मॉसफेट एकतर चालू असतो किंवा बंद, ड्युटी सायकल ही गोष्टच तिथे नसते. त्यामुळे स्विचिंग स्कीमॅटिकवर सरळ एसी लावून आलेला आलेख निरर्थक असतो. टूल त्रुटी दाखवत नाही, रेघ काढून मोकळे होते.

म्हणून दोन प्रकारची मॉडेले तयार ठेवावी लागतात. पहिले सरासरी मॉडेल, ज्यात स्विच आणि डायोडची जोडी काढून त्या जागी सरासरी काढलेला तीन टोकांचा घटक बसवतात. व्होर्पेरियन यांचे १९९० चे पीडब्ल्यूएम स्विच मॉडेल यासाठी आजही सगळ्यांत सोयीचे. ते एलटीस्पाइस, क्यूस्पाइस, एनजीस्पाइस कशातही चालते, सेकंदाच्या आत उत्तर देते, आणि कॉम्पेन्सेटरच्या किमती फिरवून बघायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. मर्यादा अशी की साधे सरासरी मॉडेल स्विचिंगच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीजवळचे वागणे दाखवत नाही. पीक करंट मोडमध्ये ड्युटी ५० टक्क्यांपुढे गेली की सबहार्मोनिक डळमळ सुरू होते, ती पाहायची तर रिडली यांच्यासारखे सॅम्पलिंग धरणारे मॉडेल किंवा खरे स्विचिंग सिम्युलेशन हवे. बूस्ट (व्होल्टेज चढवणारा) किंवा सीसीएममधला (इंडक्टरचा करंट शून्यावर न जाणारा) फ्लायबॅक असेल तर उजव्या अर्धप्रतलातला झीरो (गेन वाढवतानाच फेज घटवणारा) आधी हाताने काढा. १२ वरून २४ व्होल्ट, १ अँपिअर, २२ मायक्रोहेन्रीच्या बूस्टमध्ये तो साधारण ४३ किलोहर्ट्झला येतो, इनपुट घटले की आणखी खाली. क्रॉसओव्हर त्याच्या एक तृतीयांशाच्या आत राहिला पाहिजे, टूल बदलून ही सीमा हलत नाही.

दुसरे स्विचिंग मॉडेल, पडताळणीसाठी. इथे खरी निवड आहे. सिम्प्लिस आधी सर्किटची आवर्ती स्थिर अवस्था शोधते आणि मग स्विचिंग सर्किटवरच एसी चालवते, त्यामुळे सरासरी मॉडेल बनवायची गरज उरत नाही. पण त्यात घटक तुकड्यातुकड्यांच्या सरळ रेषांत मांडलेले लागतात, आणि मोफत एलिमेंट्स आवृत्तीला सर्किटच्या आकाराची मर्यादा आहे. रोज हेच काम असेल तर आमच्या मते पैसे इथे घालावेत. एलटीस्पाइस मोफत आहे आणि २४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून त्यात फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स अ‍ॅनालायझर आला. तो ट्रान्झिएंट चालवून, लूपमध्ये छोटा साइन टाकून, एकेका फ्रिक्वेन्सीला गेन आणि फेज मोजतो. वेळ लागतो: १ किलोहर्ट्झच्या एका बिंदूसाठी २० आवर्तने म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे ६,००० स्विचिंग सायकल, आणि टाइमस्टेप २० नॅनोसेकंद धरला तर दहा लाख गणिते. म्हणून खालच्या फ्रिक्वेन्सी सरासरी मॉडेलवर सोडा आणि स्विचिंग मॉडेल फक्त क्रॉसओव्हरच्या आसपास चालवा. डिजिटल कंट्रोल असेल तर पीएलईसीएस किंवा पीएसआयएम हाताला बरे पडते, आणि क्यूस्पाइसमध्ये सी++ मधला कंट्रोल कोड थेट सर्किटला जोडता येतो. तिथे एडीसी (अॅनालॉग सिग्नलचे आकड्यांत रूपांतर) आणि गणनेचा उशीर मॉडेलमध्ये आहे ना ते आधी बघा: ३०० किलोहर्ट्झला दीड सायकलचा उशीर म्हणजे ५ मायक्रोसेकंद, ३० किलोहर्ट्झला तब्बल ५४ अंश.

कंट्रोलर आयसीचे मॉडेल कोणत्या टूलमध्ये मिळते हे निवडीआधी पाहाच. टीआयची (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) पीस्पाइससाठीची एन्क्रिप्टेड मॉडेले एलटीस्पाइसमध्ये उघडत नाहीत. फाइल ट्रान्झिएंटची आहे की सरासरीची तेही नावात किंवा वरच्या टिपांत दिलेले असते. टिपांत काय मॉडेल केलेले नाही ते लिहिलेले असते, ते शेवटपर्यंत वाचा.

लूप मोजण्यासाठी सिग्नल टाकायची, म्हणजे इंजेक्शनची, जागा हा पुढचा मुद्दा. मिडलब्रूक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे लूप न तोडता कमी इम्पिडन्सच्या टोकाकडून जास्त इम्पिडन्सच्या टोकाकडे जाणाऱ्या तारेत व्होल्टेज स्रोत बसवायचा, बहुधा आउटपुट आणि फीडबॅक डिव्हायडरचा वरचा रेझिस्टर यांच्या मधे. १० ते २० मिलिव्होल्ट पुरे. मूल्य निम्मे करून पुन्हा चालवा, गेन बदलला तर सिग्नल मोठा होता. आउटपुटकडच्या बाजूला डिव्हायडरकडच्या बाजूने भागून आलेख काढला, उणे चिन्ह न लावता, तर क्रॉसओव्हरला दिसणारी फेज हेच फेज मार्जिन. त्यातून पुन्हा १८० वजा-अधिक करू नका.

टीएल४३१ (रेफरन्स आणि एरर अॅम्प्लिफायर एकत्र असलेला आयसी) आणि ऑप्टोकपलर (एलईडीच्या प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा घटक) असेल तर ही जागा बदलते. एलईडीचा रेझिस्टर त्याच आउटपुटला जोडलेला असेल तर सिग्नल दोन वाटांनी जातो, एक डिव्हायडरमधून आणि दुसरा थेट एलईडीमधून. स्रोत फक्त डिव्हायडरच्या वाटेत टाकला तर दुसरी वाट मोजणीतून सुटते आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचा गेन खोटा कमी दिसतो. स्रोत दोन्ही वाटा फुटण्याआधी बसवा. ऑप्टोकपलरच्या तयार मॉडेलमधला पोल क्वचितच बरोबर असतो. २० किलोओहमचा पुल-अप असेल तर खरा पोल काही किलोहर्ट्झपर्यंत खाली येतो, तो मोजून समांतर कपॅसिटरने मॉडेलमध्ये घाला. पीसी८१७ या ऑप्टोकपलरच्या सी रँकमध्ये सीटीआर (आउटपुट करंट आणि एलईडी करंटचे गुणोत्तर) २०० ते ४०० टक्के, म्हणजे एकाच रँकमध्ये ६ डीबीचा फरक.

टोकाच्या परिस्थितींची यादी टूल उघडण्याआधीच ठरवा: इनपुट किमान-कमाल, लोड किमान-कमाल, थंड-गरम, सीटीआर खाली-वर. व्होल्टेज मोडमध्ये, फीडफॉरवर्ड (इनपुटनुसार रॅम्पची उंची बदलणे) नसेल तर, इनपुट ९ वरून १८ व्होल्ट झाला की गेन ६ डीबी वाढतो. प्रत्येक टोकाला फेज मार्जिन ४५ अंशांच्या खाली आणि गेन मार्जिन १० डीबीच्या खाली जाऊ नये. मॉन्टे कार्लो (घटकांच्या किमती यादृच्छिकपणे बदलून पुन्हा पुन्हा चालवणे) शेवटी, आणि फक्त सरासरी मॉडेलवर.

बोर्डच्या स्कीमॅटिकमध्ये ठरवलेल्या इंजेक्शनच्या जागी १० ते ५० ओहमचा एक रेझिस्टर आणि त्याच्या दोन्ही टोकांना टेस्ट पॉइंट आत्ताच घालून ठेवा. लेआउट गेल्यावर ट्रेस कापून मोजणी करावी लागते आणि लोंबत्या तारा स्विच नोडचा नॉइज उचलतात. सिम्युलेशनमध्येही तोच रेझिस्टर त्याच जागी असू द्या, म्हणजे दोन्ही प्लॉट एकमेकांवर ठेवून बघता येतील.