ज्यू संस्थांच्या व्यवस्थापनाचे विद्यार्थी: पहिला दिवस कसा आखावा

अमेरिकेत ज्यू संस्थांचं व्यवस्थापन शिकवणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या ओरिएंटेशनची, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या दिवसाची, तारीख ठरवण्याआधी हिब्रू पंचांग उघडा. सत्र ऑगस्टअखेर सुरू होतं आणि मोठे सण लगेच अंगावर येतात. २०२६ मध्ये रोश हशाना (ज्यू नववर्ष) ११ सप्टेंबरला, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) २० ला आणि सुक्कोत (मांडवांचा सण) २५ ला लागतो, तिन्ही सूर्यास्तापासून. सुट्टी १२ ला आहे म्हणून ११ ला दुपारी चारचं सत्र ठेवलंत, तर निम्मा वर्ग चुळबुळत बसेल. शुक्रवार याच कारणाने नको, त्या सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, लागतो. मंगळवार किंवा बुधवार बरा.

मग जेवण. दिवस बिघडतो तो बहुधा इथे. शाकाहारी म्हणजे आपोआप कोशर (ज्यू आहारनियमांत बसणारं), असं आपल्याकडच्या माणसाला हमखास वाटतं. तसं नाही. चीजमधलं रेनेट (दूध घट्ट करणारं, कधी प्राण्याच्या पोटातून काढलेलं द्रव्य), द्राक्षांपासूनचा व्हिनेगर, पालेभाजीतले किडे आणि मुख्य म्हणजे आधी कशाकशाला वापरलेली भांडी, हे सगळं तपासलं जातं. कोशरची देखरेख असलेल्या स्वयंपाकघरातूनच जेवण मागवा, सील तसंच राहू द्या, ताटं-चमचे कागदी किंवा प्लास्टिकचे घ्या. कॅम्पसच्या मायक्रोवेव्हमध्ये उघडं अन्न गरम करू नका. मांसाहारी जेवण शक्यतो टाळा: मांसानंतर दूध घ्यायला कुणी तीन तास थांबतं, कुणी सहा, म्हणजे दुपारच्या कॉफीत दूध घालायची सोय उरत नाही. दुग्धजन्य जेवण असेल तर ही अडचणच येत नाही. ब्रेड असेल तर आधी हात धुण्याचा विधी आणि शेवटी प्रार्थना असते, म्हणून तासाऐवजी सव्वा तास धरा आणि सिंकजवळ दोन कानांचा तांब्या ठेवा.

सकाळी भाषणांपेक्षा हावरुता, म्हणजे जोडीने ग्रंथवाचन, जास्त उपयोगी पडतं. मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मायमोनिडीसने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वात वरची पायरी म्हणजे माणसाला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन पायावर उभं करणं. हा उतारा जोडीने वाचायला २५ मिनिटं द्या. मूळ हिब्रूशेजारी इंग्रजी हवंच, कारण वर्गात हिब्रू न येणारे असतात, ज्यू नसलेलेही असतात.

ओळखीच्या खेळात 'आजीचं यिद्दिश' (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) छापाचे प्रश्न नकोत. कोकणातून मुंबई-पुण्यात आलेल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, घरातली मुलगी समोर असू शकते. तिच्याकडे मलिद्याचा (गोड पोह्यांच्या नैवेद्याचा) विधी आहे, यिद्दिश नाही. 'तुम्ही धर्मांतर केलंत का?' हा प्रश्न तिला कुणीही विचारू नये, हे यजमान विद्यार्थ्यांना आदल्या दिवशीच बजावून ठेवा.

दुपारी फॉर्म ९९०, म्हणजे ना-नफा संस्था अमेरिकी करखात्याला देतात ते वार्षिक विवरणपत्र, वाचायला द्या. सिनॅगॉगचा (ज्यू प्रार्थनास्थळाचा) शोधत बसू नका, प्रार्थनास्थळांना तो भरावा लागत नाही. ज्यू फेडरेशनचा (शहरातल्या ज्यू समाजासाठी देणग्या गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचा) किंवा कम्युनिटी सेंटरचा घ्या. सातव्या भागात पदाधिकाऱ्यांचं वेतन असतं, नवव्यात खर्चाची विभागणी: उपक्रम, प्रशासन, निधी उभारणी. मुलं लगेच टक्केवारी काढून संस्थेला नापास करतात. तेव्हा फॉर्म कोणत्या वर्षाचा आहे हे आधी बघायला सांगा. मुदतवाढ घेतली की तो बराच जुना असतो.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्यांसाठी अर्धा तास वेगळा. इंटर्नशिप पहिल्याच सत्रात असेल तर सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीची) नोंद आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर, येईपर्यंत एक दिवसही काम करायचं नाही. पहिल्या वर्षात ही परवानगी मिळते ती अभ्यासक्रमालाच ते काम लगेच आवश्यक असेल तर, म्हणून अभ्यासक्रमाच्या कागदपत्रात तसं लिहिलेलं आहे का, हे उन्हाळ्यातच बघून ठेवा. संस्थाभेट असेल तर नावांची यादी आधी पाठवा आणि फोटोचं ओळखपत्र आणायला सांगा. २०१८ च्या पिट्सबर्गमधल्या सिनॅगॉगवरच्या गोळीबारानंतर ज्यू संस्थांच्या दारांवरचा पहारा आणखी कडक झाला आहे.

संध्याकाळी खोली आवरताना सकाळच्या ग्रंथवाचनाचे कागद कचऱ्यात टाकू नका. त्यांवर हिब्रूत देवाचं नाव असेल तर ते गेनिझासाठी, म्हणजे पुढे पुरण्यासाठी, जपून ठेवतात. त्यासाठी दाराशी एक खोकं सकाळीच ठेवा, वर मोठ्या अक्षरांत लिहून.