वाकळ शिवायला घेताय? मग या चुका टाळा

गेल्या पंधरवड्यात तिघीजणी आपापली अर्धवट गोधडी पिशवीत घालून माझ्याकडे आल्या. तिघींचं म्हणणं एकच, "काकू, टाके नीट पडत नाहीत, तेवढे दाखवा." पिशव्या उघडल्या तर टाके बरे होते. एकीने कापड धुतलेलंच नव्हतं. दुसरीने सुती जुनेरात, म्हणजे वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडांत, जॉर्जेट घातली होती. तिसरीने थर जमिनीवर अंथरलेच नव्हते, मांडीवर घेऊन थेट शिवायला बसली होती. गेली कित्येक वर्षं मी सांगलीत हे शिकवते आहे आणि दर वेळी हेच बघते. वाकळ सुई टोचायच्या आधीच बिघडलेली असते, आणि दोष मात्र टाक्याला देतात.

आमच्याकडे खेड्यात वाकळच म्हणतात. शहरातल्या मुली गोधडी म्हणतात. माझ्या तोंडात दोन्ही येतं.

कापड न धुता शिवायला घेणं

माझा सगळ्यात जास्त जीव या चुकीने घेतलाय. इचलकरंजी नाहीतर विट्याच्या मागावरून आलेल्या नव्या सुती कापडाला खळ असते. खळीमुळे ते ताठ राहतं, कातरायला सोपं जातं, घडी छान पडते, म्हणून धुवायला हात धजत नाही. पण नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शंभर इंचांमागे 3 ते 5 इंच सहज आटतं. आतली जुनेरं वर्षानुवर्षं धुतलेली असतात, त्यांचं आटणं कधीच संपलेलं असतं. मग गोधडी पहिल्यांदा पाण्यात गेली की वरचा नवा थर आटतो, आतला आहे तेवढाच राहतो, आणि कडा भाजलेल्या पापडासारख्या वर वळतात. त्यावर इलाज नाही. सगळं उसवावं लागतं.

आटण्यापेक्षा वाईट म्हणजे रंग. एका शिकाऊ मुलीने स्वतःच्या लग्नाच्या रुखवतात मांडायला गोधडी केली होती. आजोबांची पांढरी धोतरं, आईचं हिरवं इरकल, आणि मधे चौकटीचौकटीत बाजारातून आणलेला नवा लाल खण. कल्पना तिचीच होती आणि सुंदर होती. मी विचारलं, "खण धुतलास का?" ती म्हणाली, "हो." मी पुढे गेले. ते मी तपासायला हवं होतं. रुखवत मांडायच्या आदल्या रात्री तिच्या मावशीने ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली आणि खणाचा लाल रंग शेजारच्या धोतरात उतरला. रात्री साडेनऊला पोरगी रडत माझ्याकडे आली.

असं झालं तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. डाग वाळू द्यायचा नाही आणि गरम पाणी लावायचं नाही. आम्ही ती गोधडी गार पाण्याच्या टबात बुडवली, रंग उतरला की पाणी फेकलं, पुन्हा भरलं. सहा वेळा पाणी बदललं. दोन वाजता लाल जाऊन गुलाबी उरलं, तेही पाच चौकटींतच. धोतराची उरलेली पट्टी तिने टाकली नव्हती हे नशीब. तिच्यातून पाच ठिगळं कापली, पंख्याखाली आणि इस्त्रीने गोधडी कशीबशी सुकवली आणि उजाडेपर्यंत ती वरून लावली. रुखवतात कोणाला काही कळलं नाही. त्या मुलीला मात्र ती पाच ठिगळं आजही मोजून दाखवता येतात.

तेव्हापासून मी कोणाच्या "हो"वर जात नाही. पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी ओली करायची, कापडावर अंगठ्याने दाबून धरायची, मनात पन्नास आकडे मोजायचे. फडक्याला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवायचं. तिसऱ्या धुण्यानंतरही लागला तर ते कापड गोधडीत घ्यायचं नाही, कितीही आवडीचं असो. मीठ घाला, तुरटी घाला, व्हिनेगर घाला असं मला सगळ्यांनी सांगून झालंय आणि मी सगळं करून बघितलंय. ज्याचा रंग जायचा त्याचा जातोच. लाल, मरून आणि गडद निळ्यावर तर माझा कधीच विश्वास नसतो.

जुनेर न पारखणं

जुनं कापड मऊ असतं म्हणून चांगलं, असं समजून कपाटातलं सगळं आणू नका. खिडकीपुढे धरा. जिथून उजेड जास्त येतो तिथे सूत झिजलंय. दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणा. चर्र आवाज आला की तो भाग आत घालायचा, वर नाही. लुगडं बहुतेक मधोमध विरतं, काठ शाबूत राहतात. म्हणून तर आमच्या आज्ज्या विरलेला भाग काढून दोन चांगली टोकं जोडायच्या आणि दंडाचं लुगडं आणखी दोन वर्षं नेसायच्या. ते अगदीच गेलं की मग वाकळीत.

हिशेबही आधी करावा. नऊवारीतून 90 इंचांच्या, म्हणजे अडीच वारांच्या, तीन पट्ट्या निघतात आणि दीड वार उरतं. ते दीड वार ठिगळांना आणि मागच्या नेफ्याला ठेवा. नेफ्याचं पुढे सांगते.

सुतीत पॉलिस्टर मिसळू नका. ते ना आटतं, ना घाम पितं, ना शेजारच्या सुताबरोबर मऊ होतं.

थर न टाचता शिवणं

ही माझी दुसरी डोकेदुखी. वरचं कापड, आतली जुनेरं, खालचं अस्तर हे सगळं एकमेकांवर नुसतं ठेवून चालत नाही. माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथे आज्जी वाकळ घालायची तेव्हा सारवलेल्या अंगणात चार बायका चार कोपरे धरायच्या. एकेक थर झटकून टाकायचा, तळहाताने मधून बाहेर साफ करायचा, मग पुढचा. कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याने भरलेली कळशी, जे जड सापडेल ते. नंतर वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके. अर्धा दिवस त्यातच जायचा, आणि तोवर पक्का धावदोरा एकही पडलेला नसायचा.

आज्जी शिवायची काठाकडून मधाकडे, चारी बाजूंनी फिरत फिरत. शिकणाऱ्या मुली ही दिशा तेवढी उचलतात. आज्जीचा डावा हात त्यांच्या लक्षात येत नाही. दर चार टाक्यांनी तो हात वाकळीखाली जायचा, अस्तर चाचपायचा, सैल कापड पुढे सरकवून मोकळं करायचा. तो हात नसेल तर काठाकडून ढकललेलं सगळं जादा कापड मधे जमतं आणि गोधडीला पोट येतं. म्हणून नवशिक्यांना मी सांगते, कच्चे टाके मधून बाहेर घाला. आधी उभे, मग आडवे, मग कोपऱ्याकडे तिरपे. पक्की शिवण हवी तर काठाकडून करा, कच्च्या टाक्यांनी थर धरलेले असतात.

एक बाई नोकरीतून निवृत्त झाल्यावर शिकायला आल्या. मुलगा परदेशी निघाला होता, त्याला गोधडी द्यायची होती. हातात 11 दिवस. मी म्हणाले, दुपटं करा, नाहीतर लहान चौकोनी पांघरूण. त्यांना 60 बाय 90 इंचांचीच हवी होती. टाचायला सांगितलं तर म्हणाल्या, "ते शेवटी काढूनच टाकायचं ना, मग कशाला?" घरी नेऊन त्यांनी रात्री जागून शिवली. नवव्या दिवशी आणली तेव्हा मधोमध ओंजळभर कापड जमा झालं होतं, आणि ते चिमटीत धरून त्यांनी वरून शिवून टाकलं होतं. पांघरलं की नेमकं छातीवर येणार ते टेंगूळ. मी उसवायला सांगितलं. त्या रडल्या. मला वाईट वाटलं, पण तशी गोधडी मी कोणाच्या लेकराच्या अंगावर जाऊ देणार नव्हते. दोघींनी बसून दोन दुपारी उसवली. मुलगा वेळेवर गेला, गोधडी तीन महिन्यांनी त्याच्या मित्राबरोबर गेली. ती अजून त्याच्याकडे आहे.

घाई असेल तर लहान वस्तू करा. मोठी वस्तू घाईत होत नाही, आणि यात मला कोणी दुसरा मार्ग दाखवला तरी मी तो शिकवणार नाही.

दोरा, गाठ, मशीन

दोरा हातभरच घ्या. लांब घेतला की ओवायचे कष्ट वाचतात खरे, पण तो पिळतो, गुंततो आणि दर वेळी कापडातून जाताना झिजतो. सुती दोरा वापरा, मेणावरून एकदा ओढा. नायलॉनचा दोरा तुटत नाही, तो जुनेराला कापतो. दुरुस्तीला आलेल्या किती गोधड्यांत मी कापड फाटलेलं आणि दोरा जिथल्या तिथे पाहिलाय.

गाठ बाहेर ठेवायची नाही, हलका झटका देऊन थरांत ओढून घ्यायची.

टाका पाव इंचाचा, ओळींत बोटभर अंतर. वाकडा गेला तर जाऊ दे, सारखा असला म्हणजे झालं.

मशीनवर ठिगळं जोडा, माझी हरकत नाही. थर मात्र हातानेच शिवा. मशीनच्या शिवणीने वाकळ पुठ्ठ्यासारखी होते. आत फायबर घालून "एका दिवसात गोधडी" शिकवतात त्याबद्दल मला विचारू नका. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याने तरी ते अंगावर घेऊ नये.

सुया न मोजणं

वर्गात मी सुया मोजून देते आणि मोजून घेते. सात जणी होत्या, एक दुपटं चाललं होतं, बाळंतिणीसाठी. संध्याकाळी सहा सुया पुऱ्या आणि सातवीचं टोक नाही. जिच्या हातात मोडली ती म्हणाली, "बाहेरच पडलं असेल काकू, झाडून घेऊ." झाडलं, सापडलं नाही. मी कोणालाही घरी जाऊ दिलं नाही. शेजारच्या रेडिओवाल्याकडून जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं आणि दुपट्यावरून बोटबोट फिरवलं. एका कोपऱ्यापाशी कापड किंचित उचललं गेलं. दोन ओळी उसवल्या, आत अर्धा इंच टोक होतं, बाळाचं डोकं येतं नेमकं तिथे.

तेच चुंबक आता माझ्या सुईच्या डबीत असतं. सुई मोडली की काम थांबवा, दोन्ही तुकडे जुळवून बघा, मग पुढचा टाका.

मांडताना होणाऱ्या चुका

प्रदर्शनात गोधडी चिमट्यांनी टांगू नका. तीन-साडेतीन किलोचा भार दोन-चार चिमट्यांवर आला की काठ ओघळतो, आणि ओघळलेला काठ पुन्हा सरळ होत नाही. मागच्या बाजूला वरच्या काठालगत चार इंचांचा नेफा हाताने शिवा आणि त्यातून काठी घाला, सगळा भार सारखा वाटला जातो. नेफ्याचे टाके अस्तरातूनच घ्या, पुढे दिसता कामा नयेत.

उन्हाच्या खिडकीसमोर मांडू नका. चार दिवसांच्या प्रदर्शनात फरक कळत नाही. दुकानात वर्षभर टांगलेल्या गोधडीची घडी उलगडा, मग कळेल.

लोकांना हात लावू द्या. पाटी लावून हात लावायला मनाई करणाऱ्यांशी माझं पटत नाही. वाकळ हाताला कळते. फक्त खाण्याचं काही हातात असेल तर आधी पुसायला फडकं द्या.

धुणं आणि डाग

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात, घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघतं. माणगंगेला पाणी असलं तर नदीवर, नसलं तर विहिरीवर. वर्षातून ते एक मोठं धुणं वाकळीला पुरतं, एरवी ऊन दाखवा. टबात भिजवून पायाने तुडवा, पिळू नका, दोन दोऱ्यांवर पसरून वाळत घाला. भिजल्यावर तिचं वजन किती वाढतं हे एकदा उचलून बघा, मग मशीनमध्ये टाकायचा विचार येणार नाही. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. जुन्या सुती साडीत गाठोडं बांधा.

आणि हळद. सांगलीत राहून गोधडीला हळद लागणार नाही असं होत नाही. डाग पडला की लोक साबण चोळतात, पिवळा डाग लालभडक होतो आणि मग घाबरून फोन येतो. साबणातल्या खाराने हळद लाल होते, तेवढंच झालेलं असतं. साध्या पाण्याने साबण पुरता काढा, डाग परत पिवळा होतो. ब्लीच लावू नका, शेजारचा रंग जाईल. डाग वर येईल अशी गोधडी उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. दोन-तीन उन्हं लागतात, चैत्रातलं ऊन असेल तर एकातही जातो.