बेसचं पेडल मिक्सरला जोडताय? या चुका टाळा

पारोळा तालुक्यातलं गाव, हळदीची रात्र, मंडपामागे जनरेटरची घरघर. दुसऱ्याच अहिराणी गाण्याला साउंडवाला स्टेजला टेकून माझ्यावर ओरडला, "भाऊ, तुना आवाज फाटी राह्यना!" मी त्याच्या मिक्सरकडे बोट दाखवलं, त्याने माझ्या पेडलकडे. चार गाणी हेच चाललं. चूक माझी होती. गर्दी मोठी असणार म्हणून माझ्या बेस गिटारच्या मल्टी-इफेक्ट पेडलचं (एकाच डब्यात अनेक इफेक्ट देणारं पायाखालचं यंत्र) आउटपुट मी घरूनच पूर्ण उजवीकडे फिरवून आणलं होतं.

गर्दीला पुरणारा आवाज अॅम्प्लिफायर आणि बॉक्स देतात. पेडलने फक्त मिक्सरला पचेल असा स्वच्छ सिग्नल द्यायचा. गायकाच्या माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. साध्या पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेल्या) बेस गिटारमधून त्याहून बरेच जास्त, तर व्यावसायिक लाइन लेव्हल (साउंडची उपकरणं एकमेकांना देतात तो सिग्नल) म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट. आउटपुट पूर्ण उघडलं की बरीच पेडलं या लाइन लेव्हलपर्यंत सहज जातात. साउंडवाला मात्र ती वायर माइकच्या कॅनन (XLR) पिनला लावतो आणि आधीच्या निवेदकासाठी ठेवलेला गेन (येणारा सिग्नल मोठा करणारा नॉब) तसाच असतो. मग आवाज फाटणार नाही तर काय होणार?

फाटतंय नेमकं कुठे?

भांडण्याआधी एवढं बघा. मिक्सरवर तुमच्या चॅनेलचा फेडर (वरखाली सरकणारी आवाजाची पट्टी) खाली घ्या. आवाज लहान झाला पण फाटलेलाच राहिला, तर दोष फेडरच्या आधी आहे. मग गेन कमी करा. क्लिपचा (सिग्नल मर्यादेबाहेर गेल्याचा) लाल दिवा विझला आणि आवाजही स्वच्छ झाला, तर चॅनेलवर जास्त सिग्नल येत होता. दिवा विझूनही खरखर राहिली, तर पेडलपाशी या. तिथेही सगळे इफेक्ट बायपास (बंद) करून एकेक चालू करा. बऱ्याचदा कम्प्रेसरने (आवाजातला चढउतार कमी करणारा इफेक्ट) वाढवलेली लेव्हल पुढच्या इफेक्टला झेपत नसते.

अॅक्टिव्ह बेस असेल तर आतली ९ व्होल्टची बॅटरी तपासा. मरायला टेकलेली बॅटरी हुबेहूब फाटलेल्या पेडलसारखी वाजते. बहुतेक अॅक्टिव्ह गिटारमध्ये जॅक खोचलेला राहिला की बॅटरी उतरत राहते, त्यामुळे टेम्पोत गिटार टाकताना जॅक काढायची सवय लावा.

लेव्हल लावायची कशी

गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, पेडलचं आउटपुट निम्म्यावर, मिक्सरचा गेन तळाला. आता रात्री सर्वात जोरात जे वाजवणार आहात, तेच वाजवा. इथे बहुतेकजण लाजतात. साउंड चेकला दोन बोटांनी गोंजारतात आणि वरात नाचायला लागली की स्लॅप (तारेवर अंगठ्याचा फटका) मारतात. वाजवत असताना साउंडवाल्याला गेन हळूहळू वाढवू द्या. डिजिटल मिक्सर असेल तर मीटर सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास राहिलं आणि जोराचे फटके उणे ६ च्या खाली थांबले, की झालं. त्यानंतर आउटपुटच्या नॉबला हात लावायचा नाही. मी तिथे पांढऱ्या मार्करने रेघच मारून ठेवली आहे.

स्वतःला ऐकू येत नसेल तर मॉनिटरमध्ये वाढवून मागा. तुम्ही पेडलवर वाढवलंत की साउंडवाला फेडर खाली ओढतो, तुम्ही आणखी वाढवता, आणि हा खेळ क्लिपवरच संपतो.

घरी हेडफोनवर बनवलेले पॅच

ही चूक सगळ्यात फसवी आहे. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून हळू आवाजात पॅच (पेडलमध्ये साठवलेली इफेक्टची जुळणी) बनवला की हात आपोआप लो-बूस्टकडे (खालचे सूर वाढवण्याकडे) जातो. तोच पॅच मोठ्या बॉक्सवर गेला की नुसतं घूंऽऽ. चार तारी बेसची सर्वात खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झची. त्याखालचं जे वाढवाल ते ऐकू येणार नाही, अॅम्प्लिफायरची ताकद मात्र खाईल. पेडलमध्ये हाय-पास (ठरावीक सुराखालचं सगळं कापणारा फिल्टर) असेल तर ३० ते ३५ हर्ट्झला लावा.

क्लीन (स्वच्छ) आणि ड्राइव्ह (मुद्दाम फाटक्या आवाजाच्या) पॅचची लेव्हलसुद्धा तालमीत, सगळे वाजत असताना जुळवा. मीटरवर सारखे दिसणारे दोन पॅच कानाला सारखे वाटत नाहीत.

वायर, डीआय आणि अर्थिंग

पेडलपासून मिक्सरपर्यंत साधा पी-३८ (पाव इंची) जॅक वीस फुटांपर्यंत ठीक आहे. मिक्सर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर डीआय बॉक्स (पेडलचा सिग्नल लांब वायरवरून माइकच्या इनपुटला देणारा छोटा डबा) हवाच. आमच्याकडे भाड्याच्या साउंडमध्ये तो असेलच असं नाही, म्हणून स्वतःचा ठेवा. पेडलच्या पुढे साधा पॅसिव्ह चालतो. तो लेव्हल साधारण २० डेसिबलने उतरवतो, म्हणजे माइकच्या इनपुटला जुळते. पेडललाच कॅनन आउटपुट असेल तर माइक-लाइनचा स्विच कुठे आहे ते बघा आणि त्या चॅनेलचा ४८ व्होल्टचा फँटम (माइकला त्याच वायरमधून मिळणारा वीजपुरवठा) बंद करायला सांगा.

हमिंग आलं तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (फक्त सिग्नलच्या वायरचं ग्राउंड तोडणारं) बटण दाबा. अॅडॉप्टरची किंवा मिक्सरची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग मी पाहिलेत. ओल्या मंडपात, जनरेटरवर, हातात लोखंडी तारांचं वाद्य घेऊन हे करू नका. जीव जाऊ शकतो.

शब्दांचाही एक घोळ आहे. आपल्याकडे 'बेस' म्हणजे मोठे सब बॉक्स. एकदा मी माइकवरून "बेस थोडा वाढव" म्हणालो, आणि पठ्ठ्याने सबच्या अॅम्प्लिफायरचे नॉब फिरवले. ढोलकी आणि किक अंगावर आली, माझी गिटार होती तिथेच. तेव्हापासून मी वाद्याचं नावच घेत नाही. "सात नंबर थोडा वर घे" एवढंच, म्हणजे मिक्सरवरच्या माझ्या चॅनेलचा नंबर म्हणतो.