ड्रायव्हरमधली मर्यादा वापरकर्त्याला ओलांडू देताना

डिस्प्ले ड्रायव्हरचं काम शिकायला लागले तेव्हा माझा समज असा होता की कोडमध्ये लिहिलेली मर्यादा म्हणजे चिपचीच मर्यादा. नूवो या, एन्व्हिडियाच्या कार्डांसाठीच्या लिनक्स ड्रायव्हरमधलं एक छोटं फंक्शन वाचलं आणि तो समज गेला. पिक्सेल क्लॉकची, म्हणजे पिक्सेल पाठवण्याच्या वेगाची, कमाल मर्यादा एन्व्हिडियाच्या फर्मी पिढीच्या कार्डांना एचडीएमआयवर २२५ मेगाहर्ट्झ, केप्लर पिढीला २९७, असे आकडे तिथे सरळ लिहून ठेवले आहेत. सोबतच्या टिपेत मात्र कबुली आहे: हे आकडे हात राखून धरलेत, काही फर्मी कार्डं २९७ पर्यंत जातात, पण ती ओळखायची कशी हे स्पष्ट नाही.

म्हणून नवीन येणाऱ्यांना मी आधी एवढंच सांगते, आकडा दिसला की त्याचा उगम शोधा. १६५ दिसला तर तो बहुधा सिंगल-लिंक डीव्हीआयच्या मानकातला असतो, ३४० दिसला तर एचडीएमआय १.३ मधला. डेटाशीटमध्येही नाही आणि मानकातही नाही, असा आकडा म्हणजे कुणीतरी जबाबदारीने केलेला अंदाज. वापरकर्त्याला मुभा द्यायची ती अशा ठिकाणी.

आता हिशेब. फर्मी कार्डावर एचडीएमआयने २५६०×१४४० चा मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवायचा आहे. नुसते दिसणारे पिक्सेल गुणले तर सुमारे २२१ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे २२५ च्या आत. तरीही ड्रायव्हर तो मोड (रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटची जोडी) नाकारतो, आणि नवखा माणूस इथेच दिवस घालवतो. प्रत्येक ओळीच्या आणि फ्रेमच्या शेवटी न दिसणारा रिकामा भाग असतो, ब्लँकिंग. कमी ब्लँकिंगचं टायमिंग घेतलं तरी पिक्सेल क्लॉक २४१.५ वर जातं. कार्डाला कदाचित हे सहज झेपलं असतं. नूवोमध्ये यासाठी एक मॉड्यूल पॅरामीटर, म्हणजे ड्रायव्हर लोड करताना देता येणारी सेटिंग, आहे. त्यात मेगाहर्ट्झचा आकडा दिला की ड्रायव्हर स्वतःची यादी बाजूला ठेवून तोच धरतो, आणि दिला नाही तर काहीच बदलत नाही. मला ही रचना फार प्रामाणिक वाटते.

आमच्या टीमच्या ड्रायव्हरसाठी मी असाच पॅच लिहिला, आणि त्यात दोन चुका केल्या. पहिली एककाची. लिनक्सच्या डीआरएममध्ये, म्हणजे ग्राफिक्स सांभाळणाऱ्या भागात, मोडचं क्लॉक किलोहर्ट्झमध्ये असतं. मी पॅरामीटर मेगाहर्ट्झमध्ये घेतलं आणि हजाराने गुणायचं राहून गेलं. २९७ दिल्यावर एकूण एक मोड बाद झाला आणि स्क्रीन काळी. तेव्हापासून एकक नावातच घालते. दुसरी चूक जास्त खोल होती. पॅरामीटर चालू सिस्टिममध्ये बदलता येईल असं, ०६४४ या फाइल-परवानगीने ठेवलं होतं. मोडची यादी जुन्या मर्यादेवर बनलेली, तर मोड लावतानाची तपासणी नव्या मर्यादेवर. यादीत दिसणारा मोड निवडला की नकार यायचा. रिव्ह्यूमध्ये हे पकडलं गेलं आणि मी ०४४४ केलं: वाचता येतं, पण बदलायचं तर मॉड्यूल लोड करतानाच.

रिव्ह्यूमध्ये आणखी एक प्रश्न आला, तो आजही मी प्रत्येक पॅचला विचारते. ही मुभा नेमकी कोणती तपासणी उठवते? फक्त आपल्या बाजूच्या लिंकची, म्हणजे कार्डाकडून होणाऱ्या जोडणीची, उठवायची. मॉनिटर ईडीआयडीमधून (त्याने कार्डाला दिलेल्या माहितीच्या तक्त्यातून) स्वतःची कमाल सांगतो, ती तपासणी वेगळीच राहिली पाहिजे. दोन्ही एकाच अटीत गुंफल्या असतील तर आधी त्या सोडवा, मग पॅरामीटर घाला.

चाचणी करताना आकडा कॉन्फिग फाइलमध्ये लिहू नका. बूट मेनूत कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीला तेवढ्यापुरता जोडा, म्हणजे स्क्रीन गेली तरी रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत. दुसऱ्या मशीनवरून एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन, चालू ठेवा, लॉग तिथूनच मिळतो. चित्र आलं म्हणजे झालं असं समजू नका. लिंक काठावर असेल तर चमकते ठिपके दिसतात, मधूनच क्षणभर स्क्रीन जाते, कधी हे तासाभराने सुरू होतं. केबल बदलून पाहा: एचडीएमआयच्या कॅटेगरी १ केबलची चाचणी ७४.२५ मेगाहर्ट्झपर्यंतच असते, कॅटेगरी २ ची ३४० पर्यंत. दोष केबलचा आणि शिक्षा कार्डाला, असं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

मुभा खरोखर धोक्याची असेल तर कर्नलमध्ये पॅरामीटर ‘अनसेफ’ म्हणून नोंदवायची सोय आहे. ते वापरलं की लॉगमध्ये इशारा उमटतो आणि कर्नलवर ‘यू’ ही ‘टेंट’ खूण लागते. पुढे बग रिपोर्ट आला की वाचणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळतं, इथे कुणीतरी मर्यादा स्वतःहून उचलली आहे.